हाताचे शिक्षण आणि रुग्णाचा देह

अमेरिकेत सामान्य शल्यचिकित्सेचे 5 वर्षांचे प्रशिक्षण पूर्ण करून जे शल्यचिकित्सक ‘सर्जिकल क्रिटिकल केअर’ची, म्हणजे अत्यवस्थ शल्यरुग्णांच्या अतिदक्षता उपचारांची, 1 वर्षाची फेलोशिप करतात, त्यांचे बरेचसे दिवस श्वसनयंत्रे, रक्तदाब आणि जंतुसंसर्ग सांभाळण्यात जातात व शस्त्र हाती घेण्याचे प्रसंग विरळ होतात. शिवाय मुक्या माराने प्लीहा किंवा यकृत फाटले, तरी रुग्णाची प्रकृती स्थिर असल्यास पोट न उघडता त्याच्यावर बारीक लक्ष ठेवणे हीच आता प्रस्थापित रीत आहे. रुग्णाच्या दृष्टीने ही प्रगती निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु तिच्यातूनच एक नैतिक पेच निर्माण होतो.

‘निकोमाखियन एथिक्स’मध्ये ॲरिस्टॉटल सांगतो की कला आणि सद्गुण दोन्ही आचरणानेच अंगी बाणतात, घरे बांधूनच माणूस गवंडी होतो. शल्यकर्मात मात्र ज्यावर हात बसवायचा तो जिवंत माणूस असतो, आणि माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये हा कांटने 1785 मध्ये मांडलेला नियम येथे शब्दशः लागू पडतो. छेदाची गरज नसलेले शरीर सरावासाठी उघडता येत नाही. तरीही रक्तस्राव होत असलेला जो रुग्ण उद्या दाखल होईल, त्याचाही तयार हातावर तितकाच हक्क आहे, आणि तो आज समोर नसल्यामुळेच त्याच्या हक्काचा विसर पडतो.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात याचे एक उत्तर सापडते. तेथे भोपळा व काकडीवर छेदन, मृत जनावरांच्या शिरांवर वेधन आणि किडक्या लाकडावर एषण, म्हणजे जखमेचा मार्ग शलाकेने शोधणे, असा ‘योग्या’ नावाचा सराव सांगितला असून, पुष्कळ शास्त्र शिकलेलाही त्यावाचून कर्मास अपात्र मानला आहे. आज मृतदेहावर मोठ्या रक्तवाहिन्या उघड्या करण्याचे जे शिक्षण दिले जाते, ते याच वाटेने जाते.

मात्र मृतदेहातून रक्त वाहत नाही, आणि निर्णयाची घाईही तेथे नसते. सराव तुटलेला चिकित्सक भीतीपोटी थांबतो आणि त्यालाच संयम समजतो, तर सरावाला आसुसलेल्याला अनावश्यक छेदही आवश्यक भासू लागतो; दोन्ही ठिकाणी हाताची उणीव बुद्धीला फसवते. म्हणून फेलोशिपच्या काळातही तातडीच्या शस्त्रक्रियांच्या पाळ्या ज्येष्ठांच्या देखरेखीखाली नियमितपणे मिळणे, ही चिकित्सकाची सोय नसून रुग्णाप्रती संस्थेचे कर्तव्य आहे.