क्षमा की पांघरूण?

अंबरपेठच्या सत्संगानंतर आम्हा सेवेकरी बायकांत गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा (१९१९) विषय निघाला. नशेत सुधाकरच्या हातून तान्हं बाळ जातं, सिंधूही जबर जखमी होते. तरी मरता मरता ती पोलिसांना सांगते, की मीच पडले. ही क्षमा का? आम्हांला वाटतं, हे पांघरूण घालणं झालं. आपल्यातल्या कितीजणी असंच ‘जिन्यावरून पडले’ म्हणतात!

सुधाकर पस्तावला, पण विष पिऊन सुटला. खरं प्रायश्चित्त म्हणजे रोज न पिता जगणं. ते एकट्याने होत नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनावर उपचार करतंय. म्हणून नाम घ्या, उपचारही घ्या. क्षमा जरूर करा, पण मार लपवू नका.