कागदाच्या जाडीएवढी चूक

"आमच्याकडे बिघडलेल्या लेन्सेस कमी येतात, बिघडवलेल्या जास्त." मुंबईच्या फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी हे वाक्य माझ्या अंगावर टाकलं आणि ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. वाक्य चटपटीत होतं, म्हणून अधिकच झोंबलं. रोख उघड होता. जुन्या मॅन्युअल लेन्सचा फोकस बिनसला की घरच्या टेबलावर ती उघडून बसणारे हौशी लोकच तिच्या मुळावर येतात, असं त्यांना म्हणायचं होतं. मी त्या हौश्यांपैकीच एक. तेव्हा पुढचं लिखाण निष्पक्ष असेल अशी अपेक्षा वाचकांनी ठेवू नये.

मिररलेस कॅमेरे आले, अ‍ॅडाप्टर स्वस्त झाले आणि माळ्यावरच्या लेन्सेस पुन्हा खाली उतरल्या, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची जादू वगैरेंवरही पुष्कळ बोलून झालं आहे. मी बोलण्यापुरती एकच लेन्स घेतो, हेलिओस ४४-२. फोकल लेंग्थ ५८ मिमी, अ‍ॅपर्चर एफ २. जर्मनीतल्या येनाच्या कार्ल झाइसच्या 'बायोटार'वर बेतलेली आणि सोव्हिएत रशियात झेनिट कॅमेऱ्यांसाठी प्रचंड संख्येनं निघालेली. तिच्याबद्दल दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. एक, फोकसची रिंग जाम आहे. दुसरी, रिंग लोण्यासारखी फिरते, पण दूरचं काही केल्या स्पष्ट दिसत नाही.

लोक या दोन्ही तक्रारींना 'फोकसचा प्रॉब्लेम' म्हणतात. मला मात्र त्या वेगवेगळ्या जातीच्या वाटतात. पहिलीत वस्तू म्हातारी झालेली असते. आट्यांमधलं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ते पुसून काढा, आटे स्वच्छ करा, जाडसर डँपिंग ग्रीस बेतानं लावा, रिंग फिरू लागते. (शिलाई मशीनचं तेल सोडू नका. ते उन्हाळ्यात पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं.) दुसऱ्या तक्रारीत मात्र एकही भाग आजारी नसतो. भिंगं स्वच्छ, आटे साफ, स्क्रू जागच्या जागी. तरीही चित्र धूसर. दोष कुठल्याच भागात नसतो, भागांमधल्या अंतरात असतो.

हे अंतर किती असावं? या लेन्सला दूरच्या क्षितिजापासून अर्ध्या मीटरपर्यंत येण्यासाठी जेमतेम ९ मिमी पुढे सरकावं लागतं. ती असायला हवी त्यापेक्षा फक्त ०.१ मिमी पुढे अडकली, तर साधारण ३४ मीटरपलीकडे तिला नेमकं फोकस करताच येत नाही. ०.२ मिमी अडकली तर ही हद्द १७ मीटरवर येते. ०.१ मिमी म्हणजे वहीच्या एका कागदाची जाडी. एफ ८ वर हा फरक झाकला जातो, तिथे सगळ्याच लेन्सेस सज्जन असतात. एफ २ वर उघडल्या की त्यांचं खरं चारित्र्य कळतं.

आता त्या गृहस्थांकडे वळू. त्यांचं म्हणणं असं दिसतं की हे काम जाणकारांचं आहे, घरच्यांनी हात लावू नये. पण जाणकार ते घेतात का? जी लेन्स काही हजारांत मिळते तिच्या दुरुस्तीची मजुरी तिच्या किमतीला भिडते, मग दुकानदार म्हणतो, "राहू द्या साहेब, दुसरी घ्या." म्हणजे आम्ही उघडायची नाही आणि ते उघडणार नाहीत. मग ती लेन्स कपाटात पडून राहते आणि पावसाळ्यात बुरशीचं खाद्य होते. दुसरं असं की ही लेन्स उघडण्यासाठीच घडवलेली आहे. फोकस रिंगवरचे तीन बारीक ग्रब स्क्रू सैल केले की रिंग मोकळी होते. कारखान्यात अनंताची खूण याच रीतीनं जुळवली जायची. आजच्या ऑटोफोकस लेन्समधल्या रिबनपट्ट्या आणि मोटरींशी तुलना करा, म्हणजे पूर्वीच्या लोकांनी वापरणाऱ्यावर किती विश्वास टाकला होता ते कळेल. आणि तिसरं, जरा खवचट आहे, पण म्हणतोच. दुकानात दिलेली लेन्स परत आल्यावर तिच्यात नेमकं काय चुकलं होतं, हे सांगणारा कारागीर मला अजून भेटायचा आहे.

अचूक काम केवळ जाणकारांच्या हाती सोपवलं म्हणजे निर्धास्त झालो, असं नसतं, याचा सर्वांत मोठा दाखला आकाशात फिरतो आहे. हबल दुर्बीण एप्रिल १९९० मध्ये सोडली आणि तिची पहिलीच चित्रं धूसर आली. तिचा २.४ मीटरचा आरसा खडबडीत नव्हता. तो विलक्षण सफाईनं घासला होता, फक्त चुकीच्या आकारात. कडेपाशी जवळपास २ मायक्रॉन जास्त घासला गेला होता. कारण, आरशाचा आकार तपासणाऱ्या उपकरणातलं एक भिंग जागेवरून १.३ मिमी सरकलेलं होतं. आरसा त्या चुकलेल्या उपकरणाबरहुकूम अगदी तंतोतंत झाला. मला यातली सर्वांत बोचणारी गोष्ट वेगळीच वाटते. दुसऱ्या, साध्या उपकरणांनी घेतलेल्या चाचण्यांत ही चूक दिसली होती. पण ती उपकरणं कमी अचूक मानली जात असल्यामुळे त्यांच्या साक्षीकडे दुर्लक्ष झालं. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी नवी प्रकाशयंत्रणा बसवली, तेव्हा हबलला नीट दिसू लागलं. भाग उत्तम, जागा चुकलेली. माझ्या दुसऱ्या जातीची तक्रार ती हीच.

इथपर्यंत माझी बाजू भक्कम वाटत होती. पण हबलचा दाखला नीट तपासला तर तो माझ्याच अंगाशी येतो. तो जाणकारांच्या विरोधात नाही, मोजमापाच्या बाजूनं आहे. आणि हौशी दुरुस्तीत नेमकी उणीव असते ती मोजमापाचीच.

जाम रिंग सोडवण्यासाठी आपण फोकसच्या नळ्या एकमेकींतून काढतो. या नळ्यांवर आट्यांची एकच वाट नसते, अनेक समांतर वाटा असतात, म्हणून थोड्या फिरवण्यात लेन्स भरभर पुढे सरकते. नळी कुठून आत शिरली होती याची खूण न करता ती काढली, तर ती पुन्हा चुकीच्या वाटेनंही तितक्याच आनंदानं आत जाते. रिंग सुरेख फिरते, आणि लेन्स कायमची चुकलेली असते. म्हणजे आपण पहिल्या जातीची तक्रार काढली आणि तिच्या जागी दुसऱ्या जातीची ठेवली. जाम रिंग निदान बोटांना कळत तरी होती. ही नवी चूक हाताला लागत नाही. 'बिघडवलेल्या' म्हणताना ते गृहस्थ बहुधा हेच सांगत होते. घरी भिंग फोडणारे विरळा, भिंगाची जागा हरवणारे पुष्कळ.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्या कारागिराकडे पाहिलं की या कामाची जात कळते. तार तुटलेली नसते, भोपळा फुटलेला नसतो, तरी आवाज बसलेला असतो. कारागीर घोडीवरचा पृष्ठभाग हलकेच घासतो, तारेखालचा दोरा केसभर सरकवतो, ऐकतो, पुन्हा सरकवतो. त्यातलं ऐकणं वगळलं तर उरेल ती नुसती घासाघीस. मिरजेत हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतच चालत आला आहे. तेव्हा घर की दुकान, हा वादच मुळात चुकीचा.

लेन्सच्या बाबतीत ऐकण्याची जागा तपासणी घेते, आणि ती घरी छान जमते. एफ २ वर, ट्रायपॉडवर, किलोमीटरभर दूरच्या टॉवरवर किंवा चंद्रावर फोकस करायचं आणि डिजिटल कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र मोठं करून पाहायचं. मग तीच लेन्स दुसऱ्या अ‍ॅडाप्टरवर पाहायची. फिल्म कॅमेरा असेल तर शटर 'बी'वर उघडं ठेवून फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणायचा आणि भिंगातून निरखायचं. ही साधी चाचणी केली की पुष्कळ आजारी लेन्सेस निर्दोष सुटतात. या लेन्सची बैठक फिल्मपासून ४५.४६ मिमीवर हवी. अ‍ॅडाप्टर कागदभर जाड निघाला तर चूक त्याची आणि शिक्षा लेन्सला. उलट अनेक अ‍ॅडाप्टर मुद्दाम किंचित पातळ करतात. त्यांच्यावर रिंग अनंताच्या खुणेआधीच दूरचं स्पष्ट करते आणि पुढे जाते. डोळ्यांनी पाहून फोकस करणाऱ्याचं त्यात काहीच बिघडत नाही. अशी लेन्स केवळ खूण जुळावी म्हणून उघडणं हा शुद्ध उपद्व्याप.

लिहायला बसलो तेव्हा घरच्या स्क्रू-ड्रायव्हरचं वकीलपत्र घेतलं होतं. आता माझं म्हणणं बदललं आहे. जुन्या लेन्समध्ये जपण्यासारखं काचेइतकंच आणखी काही असेल, तर ती कारखान्यातल्या कुणा कामगारानं जुळवून ठेवलेली अंतरं. ती कुठेही लिहिलेली नाहीत, फक्त त्या लेन्समध्येच आहेत, आणि खूण न करता उघडणारा प्रत्येक जण ती पुसतो, मग तो घरी बसलेला असो की गल्ल्यामागे. म्हणून घरी दुरुस्ती जरूर करावी, पण आधी मोजावं, प्रत्येक पायरीचा फोटो काढावा, नळी जिथून सुटते तिथे ओरखडा करून ठेवावा. एवढा धीर नसेल, तर लेन्स आहे तशी वापरावी. ३४ मीटरच्या आत फोटो काढण्यासारखं पुष्कळ असतं.