आपले लेकरू निजेल अशी गोधडी



२०२१ साली बकरी ईद २१ जुलै रोजी होती. कोरोनाच्या निर्बंधांमुळे अनेकांनी ईदची नमाज घरीच अदा केली. त्यानंतरचा दिवस उजाडण्यापूर्वीच वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या वस्त्यांत शिरले होते. त्याच २२ जुलैला महाड शहर सावित्रीच्या पुरात सापडले आणि महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळला. आमचे गाव घाटावरचे. कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. त्यामुळे ही बातमी आम्हाला दूरची वाटली नाही. दोन दिवसांत मशिदीच्या ओसरीवर कपड्यांची गाठोडी येऊन पडू लागली.

ती गाठोडी उघडण्याचे काम माझ्याकडे होते. त्याविषयी लिहिताना आजही संकोच वाटतो. परंतु लिहिले नाही तर पुढचे सारे लिहिणे व्यर्थ ठरेल. गाठोड्यांत विटलेले परकर होते, तुटक्या बटणांचे सदरे होते, न धुतलेले अंगरखे होते. एका गाठोड्यात जरीची शेरवानी निघाली. ज्याच्या घरात गुडघाभर चिखल साचला आहे त्याने ती कुठे घालावी? निम्म्याहून अधिक कपडे आम्हाला बाजूला काढावे लागले. त्या जुम्याच्या बयानात मी सूरह अल-बकराची २६७वी आयत घेतली. आपल्या कमाईतील उत्तम ते खर्च करा, असे तिच्यात अल्लाहने श्रद्धावंतांना फर्माविले आहे. जी वस्तू तुम्हाला कोणी दिली असता तुम्ही डोळेझाक केल्याशिवाय घेणार नाही, ती शोधून शोधून त्याच्या मार्गात देऊ नका, असेही बजावले आहे. मी त्या दिवशी काहीसा कठोर बोललो, हे मान्य करतो.

असरनंतर मोहल्ल्यातील एक वयोवृद्ध दादी नातवाचा हात धरून मशिदीच्या दारापाशी आल्या. आपल्या दखनी बोलीत त्यांनी जे विचारले त्याचा आशय असा : "मौलाना, तुमचं बयान आम्ही घरात बसून भोंग्यावर ऐकलं. आम्ही बायका पूरवाल्यांसाठी वाकळा शिवायचं म्हणतोय. पण वाकळ तर जुन्या कपड्यांचीच होते. मग ती सदक्यात चालेल का?"

वाकळ म्हणजे गोधडी. आमच्या भागात हा शब्द अधिक चालतो. मी फिकहचे ग्रंथ वाचले आहेत, मराठीची पदवीही घेतली आहे. पण त्या प्रश्नाला तत्काळ उत्तर मला सुचले नाही. मगरिबनंतर सांगतो, असे म्हणून मी वेळ मागून घेतला. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ज्या नातवाचा हात धरून त्या आल्या होत्या तो त्यांच्याच हातच्या वाकळेवर गाढ झोपला होता. वाकळ जुनी होती, ठिगळांची होती आणि स्वच्छ होती. मी म्हणालो, "दादी, तुमचं उत्तर तर इथंच आहे. अशी असेल तर चालेल."

वाचकहो, आयतीतील कसोटी वस्तू नवी आहे की जुनी ही नाही. ती वस्तू तुमच्यापुढे आली तर तुम्ही उघड्या डोळ्यांनी घ्याल का, ही कसोटी आहे. गाठोड्यातला फाटका सदरा आणि गोधडीत शिवलेला सदरा, कापड एकच. पहिला आपल्या कपाटातील अडचण दूर करतो. दुसऱ्यासाठी कोणीतरी कित्येक दुपारी मान मोडून बसलेले असते. ठिगळात कमीपणा नाही, हेही सांगितले पाहिजे. हजरत उमर (रजि.) मदीनेचे शासक असताना त्यांच्या खांद्यांच्या मध्ये एकावर एक लावलेली तीन ठिगळे हजरत अनस (रजि.) यांनी पाहिली होती. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतःचा कपडा स्वतः शिवीत, हे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगून ठेवले आहे.

आपत्तीत पांघरुणालाच एवढे महत्त्व का, असाही प्रश्न कोणाला पडेल. त्या वेळी आमच्यातील काही जण म्हणालेच, की कोकणात थंडी ती कितीशी! त्यांनी पूर ओसरल्यानंतरचे रस्ते पाहिले नव्हते. पुराचे पाणी आणि चिखल प्यालेली कापसाची गादी पुन्हा वापरता येत नाही. घरोघरच्या गाद्या रस्त्याकडेला ढिगाने पडल्या होत्या. फरशीची ओल आठवडेच्या आठवडे जात नाही आणि माणसाला रात्री पाठ तर टेकावीच लागते. गोधडी अंथरूणही होते आणि पांघरूणही. एवढे मात्र ध्यानी घ्यावे, की पहिल्या आठवड्यात ती पाठवू नये. पावसात भिजलेली गोधडी उचलत नाही, वाळत नाही, कुबट होते. त्या दिवसांत पिण्याचे पाणी, शिजलेले अन्न, चटया आणि प्लास्टिकचे कागद हवे असतात. गोधडीची वेळ घर धुऊन झाल्यावर येते. तोवर मदतीचे टेम्पो थांबलेले असतात.

आणि पांघरूण केवळ थंडीसाठी नसते. हिरा गुहेत पहिला दैवी संदेश अवतरला तेव्हा प्रेषित (स.) थरथरत घरी परतले आणि हजरत खदीजा (रजि.) यांना त्यांनी पहिली विनंती केली ती आपल्याला पांघरूण घालण्याची. त्यांना पांघरूण घालण्यात आले. भय ओसरल्यानंतर घडलेली हकीकत त्यांनी सांगितली आणि खदीजा (रजि.) यांनी धीर दिला. या घटनेचा क्रम मला सदैव विचार करायला लावतो : आधी पांघरूण, मग बोलणे. रात्रभर छपरावर बसून ज्याने आपले घर बुडताना पाहिले, त्याला आपण उपदेश करायला धावतो, धीर धरा, ही परीक्षा आहे म्हणतो. खरे आहे, परीक्षा आहे. पण आधी त्याच्या अंगावर काही घाला.

खंदकच्या युद्धातील त्या वादळी, कडाक्याच्या रात्रीचेही स्मरण होते. प्रेषित (स.) यांनी हजरत हुजैफा (रजि.) यांना शत्रूची बातमी आणण्यासाठी पाठविले. काम उरकून ते परतले आणि थंडीने त्यांना घेरले. ज्या अब्यात प्रेषित (स.) नमाज अदा करीत होते, त्याचाच मोकळा भाग त्यांनी हुजैफांच्या अंगावर घातला. हुजैफा (रजि.) सकाळपर्यंत असे झोपले, की प्रेषितांनी त्यांना 'झोपाळू' म्हणून प्रेमाने उठविले. सहीह मुस्लिममध्ये ही हकीकत आली आहे.

आता काम कसे झाले ते सांगतो. दुपारी जुहरनंतर मदरशाचा एक वर्ग रिकामा होई. तो बायकांच्या स्वाधीन केला. आलेले कपडे पुन्हा धुतले गेले, उघडीप मिळेल तशी उन्हे दाखवली गेली. काज, बटणे, जाड शिवणी उसवून काढल्या. त्या राहिल्या तर निजणाऱ्याच्या पाठीला बोचतात. खाली-वर मऊ झालेल्या सुती साड्या, मध्ये सदऱ्या-पायजम्यांचे थर; कोपऱ्यांवर दगड ठेवून सारे ताणून घ्यायचे आणि मग कडेकडेने धावदोरा घालीत मध्यापर्यंत जायचे. चौघी बसल्या तर एक गोधडी आठवड्यात होई. कर्नाटकातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया, त्यांत मुस्लिमही आहेत, अशीच 'कवंदी' शिवतात. आमच्या शेजारच्या आळीतील मराठा आणि धनगर घरांतील बायकाही येऊन बसू लागल्या. टाका कोणाचा बारीक यावरून थोडी चुरस लागली, ती मी थांबवली नाही.

एके दिवशी एक तरुण विधवा भगिनी पिशवी घेऊन आल्या. एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांचे पती अल्लाहला प्यारे झाले होते. दोन लहान मुले आहेत. पिशवीत पतीचे सदरे, कुर्ते, लुंग्या, सारे इस्त्री केलेले. त्या दिवशी मला जे सांगावे लागले, ते इमामाच्या आयुष्यातील अवघड शब्दांपैकी होते. मी म्हणालो, "ताई, हे कपडे आज मी घेऊ शकत नाही." त्यांनी विचारले, "त्यांच्या नावानं दिले तरी?"

आपल्याकडे माणूस गेला की त्याचे कपडे लगोलग वाटून टाकण्याची रीत आहे. हेतू चांगला असतो. परंतु मृत्यूच्या क्षणी त्याची प्रत्येक वस्तू, सुईसुद्धा, वारसांची होते. प्रौढ वारस संमती देऊ शकतात. अल्पवयीन मुलाची संमती शरीयतमध्ये धरली जात नाही आणि त्याचा वाटा दुसरा कोणी दान करू शकत नाही. सूरह अन-निसाच्या १०व्या आयतीत अनाथांचा माल अन्यायाने खाणाऱ्यांविषयी जो इशारा आहे, तो वाचून अंगावर काटा येतो. त्या पिशवीत त्या दोन लेकरांचा वाटा होता. पूरग्रस्ताच्या अंगावर घालायच्या पांघरुणात आपल्याच घरातील अनाथाचा हक्क शिवला जाऊ नये.

त्या काही न बोलता परतल्या. मला रात्री नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या सासऱ्यांकडे गेलो. पिता नसताना आजोबा हे नातवंडांच्या मालाचे पालक असतात. आम्ही एका शिंप्याला बोलावले. त्याने त्या कपड्यांची बाजारभावाने किंमत ६०० रुपये ठरवली. पतीला मुले असल्याने पत्नीचा वाटा एक अष्टमांश. त्या वाट्यात हे कपडे धरून आजोबांनी तसे वहीत लिहिले आणि सर्व प्रौढ वारसांनी सह्या केल्या. आता ते कपडे त्या भगिनीच्या पूर्ण मालकीचे झाले. त्यांनी एक कुर्ता ठेवून घेतला आणि उरलेले वर्गावर आणले. त्यांची गोधडी त्यांनी एकटीने शिवली. कोणी हात लावू गेले तर नको म्हणत. जो वाटा हक्काने आपला आहे आणि जो सोडताना जीव तुटतो, तो देणे काय असते हे मी ग्रंथांत वाचले होते. पाहिले ते तिथे.

प्रेषित (स.) यांच्या पत्नी हजरत जैनब बिन्त जहश (रजि.) चामडे कमावीत, ते शिवीत आणि त्यातून येणारी मिळकत अल्लाहच्या मार्गात देत. तुमच्यापैकी जिचा हात सर्वांत लांब ती मला सर्वप्रथम येऊन मिळेल, असे प्रेषितांनी पत्नींना सांगितले होते. त्या बिचाऱ्या आपापले हात मोजू लागल्या. प्रेषितांनंतर सर्वांआधी हजरत जैनब (रजि.) निवर्तल्या, तेव्हा लांब हाताचा अर्थ उलगडला : त्या स्वतःच्या हाताने काम करून सदका देत असत.

दोन गोष्टींबाबत मतभेद झाले. कोणी दोऱ्यासाठी जकातीची रक्कम आणली. ती मी परत केली. जकात पात्र गरीब मुस्लिमाच्या मालकीत पोचली पाहिजे आणि आमच्या गोधड्या कोणत्याही धर्माच्या पूरग्रस्ताला जाणार होत्या. तिथे ऐच्छिक सदकाच योग्य. दुसरा प्रश्न असा, की एका कार्यकर्त्याला प्रत्येक गोधडीवर समितीच्या नावाची पट्टी शिवायची होती. सूरह अल-बकराच्या २६४व्या आयतीत उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून आपले सदके वाया घालवू नका, अशी ताकीद आहे. तोंडाने बोलून दाखविलेला उपकार एकदाच ऐकावा लागतो. ही पट्टी मात्र त्या माणसाच्या गळ्यापाशी रोज रात्री येणार. पट्टी शिवली गेली नाही. तो कार्यकर्ता आठ दिवस नाराज होता. पुढे टेम्पो त्यानेच मिळवून दिला.

ऑक्टोबरात चाळीसएक गोधड्या घेऊन आम्ही घाट उतरलो. एका वस्तीत एक मावशी पुढे आल्या. त्यांनी गोधडी घेतली, उलटी केली आणि पाठीमागचा टाका नखाने चाचपून पाहिला, जसे पारखी बायका पाहतात. म्हणाल्या, "हात बसलेला आहे हो. कुणी शिवली?" ती त्या भगिनीची होती. मी नाव सांगितले नाही. घाटावरच्या एका लेकीने, एवढेच म्हणालो. मावशींनी तिच्यासाठी प्रार्थना केली, त्यांच्या देवाचे नाव घेऊन. परत आल्यावर तो निरोप मी आजोबांमार्फत पोचवला.

हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा उन्हाळा सुरू झाला असेल. कपडे धुऊन कडक वाळवायचे असतील तर हेच दिवस. आषाढात ते जमत नाही. कपाटे उघडाल तेव्हा सुती आणि मऊ तेवढे काढा, कृत्रिम धाग्याचे बाजूला ठेवा, त्यात घाम जिरत नाही. घरातील कोणी निवर्तले असेल तर त्यांच्या कपड्यांना हात लावण्यापूर्वी वारसांना एकत्र बसवा आणि लहान मुले असतील तर आपल्या मशिदीच्या इमामांना आधी विचारा. शिवून झालेली गोधडी एक रात्र आपल्याच घरात अंथरून पाहा.