संकटकाळचा पैसा आणि तयार नकाशे

मंदीच्या काळात सरकारने तिजोरी उघडून रस्ते, पूल, धरणे यांवर मुक्तहस्ताने खर्च करावा, म्हणजे रिकाम्या हातांना काम मिळून बाजारातील थंडावलेले व्यवहार पुन्हा सुरू होतील, हा विचार आता इतका रूढ झाला आहे की त्याच्या तात्त्विक बाजूविषयी नव्याने वाद घालण्याचे प्रयोजन उरलेले नाही. परंतु तो पैसा कोणत्या मुलखात, कोणत्या कामावर आणि कोणाच्या सहीने खर्ची पडावा, या प्रश्नाकडे जावयास हवे तेवढे लक्ष जात नाही, आणि माझ्या मते खरी मेख तेथेच आहे.

अमेरिकेत १९३३ साली, महामंदीच्या ऐन भरात, सार्वजनिक बांधकामांसाठी ३.३ अब्ज डॉलरांची तरतूद झाली आणि ती हॅरॉल्ड इकिस या मंत्र्यांच्या हवाली करण्यात आली. इकिस हे कमालीचे सचोटीचे आणि तितकेच संशयी गृहस्थ. कंत्राटाचा कागद आपल्या नजरेखालून गेल्यावाचून ते पुढे जाऊ देत नसत, आणि परिणामी हिवाळा तोंडाशी आला तरी बराचसा पैसा दप्तरातच पडून राहिला. मदतकार्याचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स यांची प्रकृती नेमकी उलट. पदावर रुजू झाल्यापासून पहिल्या दोन तासांतच त्यांनी ५० लाखांहून अधिक डॉलर राज्यांना वाटले होते. अखेर नोव्हेंबरात अध्यक्ष रूझवेल्ट यांनी इकिस यांच्या निधीतून ४० कोटी डॉलर हॉपकिन्स यांच्याकडे वळविले आणि जानेवारीपर्यंत ४० लाखांहून अधिक माणसे कामावर लागली. (इकिस यांना हे किती रुचले असेल, याची कल्पना कोणाही खातेप्रमुखास करता येईल.) ती घाईची योजना वसंत ऋतूतच बरखास्त झाली. न्यूयॉर्कचा ट्रायबरो पूल, हडसन नदीखालचा लिंकन बोगदा आणि कोलंबिया नदीवरील ग्रँड कूली धरण ही इकिस यांच्या संथ खात्याच्या पैशाने उभी राहिलेली वा पुढे सरकलेली कामे मात्र आजही वापरात आहेत. तरीही त्या हिवाळ्यात मी हॉपकिन्स यांच्याच बाजूने मत दिले असते. ज्याच्या घरी चूल पेटलेली नाही त्याला धरणाचा नकाशा दाखविण्यात काय हशील?

पुढे २००९ साली मंदीवर उतारा म्हणून ओबामा सरकारने ७८७ अब्ज डॉलरांचा कायदा केला, त्यात महामार्गांच्या वाट्याला साडेसत्तावीस अब्ज आले. ही रक्कम राज्याराज्यांत वाटताना गरजेचा नवा अंदाज घेण्यास वेळ नव्हता, म्हणून प्रचलित सूत्रेच लावण्यात आली. शिवाय राज्य सरकारच्या हातच्या रकमेपैकी निम्मी १२० दिवसांत कामांना बांधून न दिल्यास ती काढून घेऊन दुसऱ्या राज्यास द्यावी, अशी अट घालण्यात आली. आर्थिकदृष्ट्या अडचणीत असलेल्या भागांना अग्रक्रम द्यावा, हेही कायद्यात होतेच. पण मुदतीच्या कलमापुढे अग्रक्रमाचे कलम दुबळे ठरते. कुदळ मारण्यास तयार असलेले काम कोणते? ज्याला भूसंपादन लागत नाही, पर्यावरणाची मंजुरी लागत नाही, आणि ज्याची निविदा महिन्याभरात निघू शकते, ते. महामार्गांवरील सुमारे निम्मा पैसा डांबरीकरण आणि पृष्ठभागाच्या दुरुस्तीवर गेला, यात नवल नाही. जलद रेल्वेसाठीच्या ८ अब्जांची गत याहून विचित्र झाली. विस्कॉन्सिन, ओहायो आणि फ्लोरिडा यांच्या गव्हर्नरांनी मंजूर झालेली रक्कमच नाकारली. तयार समजलेली कामे वाटली तितकी तयार नव्हती, हे पुढे खुद्द ओबामा यांनीही कबूल केले.

यावरून मला असे दिसते की संकटकाळच्या पैशाची वाटणी संकटकाळी होतच नाही. ती त्यापूर्वीच्या स्वस्थ वर्षांत, ज्याने सर्वेक्षण केले, जमिनी मिळविल्या आणि अंदाजपत्रके तपासून ठेवली, त्याच्या बाजूने आधीच ठरून गेलेली असते. ज्या तालुक्याला अभियंता परवडत नाही त्याच्या कपाटात नकाशा नसतो, आणि नेमकी गरज बहुधा त्याच तालुक्याला असते.

महाराष्ट्रास हा अनुभव परका नाही. १९७२ च्या दुष्काळात, १९७३ च्या मे महिन्यात तर, सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती आणि त्यांतील कितीतरी जण खडी फोडीत होते, कारण खडी फोडण्यास नकाशा लागत नाही. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेने या दोषावर बोट ठेवले. पाझर तलाव, नाला बांध यांसारख्या उत्पादक कामांचे आराखडे जिल्ह्याने आगाऊ सिद्ध ठेवावेत, मागणी येताच काम उघडावे, अशी तिची रचना होती. कल्पना निर्दोष होती. अंमल मात्र जिल्हाधिकाऱ्याच्या उत्साहावर आणि अभियंत्यांच्या उपलब्धतेवर अवलंबून राहिला.

तेव्हा अर्थसंकल्पावर बोलावयास उभे राहणाऱ्या आमदारांस माझी एवढीच विनंती आहे की नव्या पुलांची मागणी करण्यापूर्वी त्यांनी आपल्या तालुक्यातील किती कामांची मोजणी, तांत्रिक मंजुरी आणि भूसंपादन पूर्ण आहे, याची यादी सभागृहात मागावी, आणि ती यादी तयार करण्यासाठी स्वतंत्र तरतूद सुकाळाच्या वर्षीच मंजूर करून घ्यावी.