जुने पुस्तक आणि वाढते वय

वय वाढू लागले म्हणजे मनुष्य नव्या पुस्तकांपेक्षा जुन्या पुस्तकांकडे आणि नव्या चित्रपटांपेक्षा जुन्या चित्रपटांकडे अधिक वळतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. आमची चाळिशी अद्याप उलटलेली नाही. तरी ही ओढ आम्हांस जाणवू लागली आहे. महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्यांना ती इतरांपेक्षा थोडी लवकरच जाणवत असावी. बदलीच्या सामानातून जी चार पुस्तके बरोबर येतात, तीच पुन्हा पुन्हा वाचली जातात. हा आनंद खरा की केवळ सवयीचा, असा प्रश्न मात्र आपण सहसा स्वतःला विचारीत नाही. तो विचारण्याजोगा आहे. कारण मनुष्याला कशात आनंद वाटतो ह्यावरून तो कोणत्या दिशेने चालला आहे हे कळते.

ह्या प्रश्नाची दोन उत्तरे तयारच असतात. एक पक्ष म्हणतो, जुने ते सोने. पूर्वीच्यांचे सामर्थ्य आताच्यांत उरले नाही. दुसरा म्हणतो, वयाबरोबर मन आळसावते, आणि ओळखीच्या वाटेने चालायला श्रम पडत नाहीत. पहिले उत्तर फारसे टिकत नाही. हरिभाऊ आपट्यांच्या काळीही सुमार लेखन होतच होते. काळाने ते गाळून टाकले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ मागे ठेवली. आपण गाळलेल्या जुन्याची तुलना न गाळलेल्या नव्याशी करतो आणि निकाल मात्र आधीच ठरवून ठेवतो. दुसऱ्या उत्तरात तथ्य आहे, पण तेवढ्याने सारा उलगडा होत नाही.

जयपूरच्या ज्या वस्तीतून आम्ही हे लिहीत आहोत तिचे नाव तिलक नगर. हिंदी वळणाचे हे नाव कानी पडले की मराठी मनुष्याला लोकमान्यांची आठवण व्हावयाचीच. आणि आमच्या प्रश्नाला लोकमान्यांच्या चरित्रात एक उत्तम दाखला आहे. १८७२ साली त्यांचे वडील अखेरच्या आजारात असताना गीतेवरील एक प्राकृत टीका त्यांना वाचून दाखविण्याचे काम सोळा वर्षांच्या ह्या मुलाकडे आले. त्या वयात गीतेचा भावार्थ पुरता कळणे शक्य नव्हते, असे त्यांनीच ‘गीतारहस्या’च्या प्रस्तावनेत सांगितले आहे. परंतु मनावर झालेला संस्कार राहिला. पुढे १९१०-११ च्या हिवाळ्यात, मंडालेच्या तुरुंगात, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी त्यांनी तो ग्रंथ लिहून काढला. गीता तीच होती; वाचणारा मात्र दोन तुरुंगवास आणि उभे सार्वजनिक आयुष्य पाठीशी घेऊन तिच्याकडे आला होता.

येथे कोणी विचारील, की मग कर्मयोग गीतेत होता की टिळकांच्या मनात? शंका रास्त आहे. पुनर्वाचनात आपल्याला जे नवे सापडते ते पुस्तकातले की आपलेच, हे ठरवावयाचे कसे? टिळकांनी ह्यावर जी वाट धरली ती आपल्या उपयोगाची आहे. त्यांनी टीका बाजूला ठेवल्या, मूळ ग्रंथ स्वतंत्रपणे अनेकदा वाचला, आणि त्याचा आरंभ व शेवट काय सांगतो हे मीमांसकांच्या नियमांनी तपासले. त्यांचा निष्कर्ष सर्वांना मान्य होईल असे नाही. पण ते आपल्या आठवणीवर विसंबले नाहीत. आपण मात्र पुष्कळदा पुस्तक न उघडताच त्याच्या आठवणीचा आनंद घेतो आणि त्याला पुस्तकाचा आनंद म्हणतो.

चित्रपटाचे उदाहरण घेऊ. प्रभातचा, दामले आणि फत्तेलाल ह्यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ साली निघाला, आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. लहानपणी तो पाहताना आमचे डोळे चमत्कारांवर असत; शेवटचे विमान पाहिले की पैसे फिटले. आवलीच्या त्राग्याचे हसू येई. आज महिन्याची प्राप्ती आणि खर्च ह्यांची तोंडमिळवणी करणाऱ्या गृहस्थाने तो चित्रपट पाहावा. विष्णुपंत पागनिसांच्या शांत मुद्रेइतकीच गौरीबाईंची आवली त्याच्या मनात घर करील. घरातले दाणे वाटून टाकणाऱ्या पुरुषाचे संतपण ज्या बाईच्या कष्टांवर उभे आहे, तिचा राग त्याला अन्याय्य वाटणार नाही. विमान वर जाते आणि ती मागे राहते, ह्याचा अर्थ आता कुठे उमगतो. हा अर्थ आम्ही चित्रपटात घातलेला नाही. पडद्यावर तो १९३६ पासून आहे. तो दिसण्याचे वय मात्र आमचे नव्हते.

परंतु वयाने दृष्टी येते तसा पक्षपातही येतो. शांतारामबापूंच्या ‘कुंकू’ची गोष्ट पाहा. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ ह्या कादंबरीवरून निघालेल्या ह्या १९३७ सालच्या चित्रपटात एका तरुण मुलीचे लग्न फसवून वृद्ध विधुराशी लावले जाते, आणि ती त्याला पती म्हणून मानावयाचे नाकारते. विशीत पाहणारा निःसंशय तिच्या बाजूचा असतो. केस पिकू लागले म्हणजे केशवराव दात्यांनी उभा केलेला तो म्हातारा वकील जवळचा वाटू लागतो. त्याचे एकटेपण, त्याची लाज कळू लागते. इथवर ठीक आहे. पण ह्या कळवळ्यापायी मुलीवर झालेला अन्याय आपल्याला किरकोळ वाटू लागला, तर ती प्रगल्भता नव्हे; आपल्या वयाने आपल्यालाच दिलेली ती सूट होय. चित्रपटातला वकील स्वतःला अशी सूट देत नाही. आपली चूक ओळखून तो अखेर तिच्या वाटेतून स्वतःच दूर होतो. पात्राने स्वतःला केली नाही ती क्षमा प्रेक्षकाने त्याला परस्पर करून टाकणे बरे नव्हे.

ह्यावरून आम्हांस एक कसोटी सुचते. जुन्या कृतीने आज आपल्याला काही नवे दाखविले काय, आणि ते दाखविताना आपली थोडी तरी झडती घेतली काय? तसे झाले असेल, तर तो आनंद ज्ञानाचा आहे. तिने नुसते पाठीवरून हात फिरविला असेल, तर तो विसावा आहे. विसावा वाईट नाही. दिवसभर फाइलींत मान घालून आलेल्या मनुष्याला तो हवाच. मात्र विसाव्याला रसिकता म्हणू नये आणि त्याच्या जोरावर नव्या लेखकांना नापास करू नये.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही सावधगिरी अधिक हवी. आपण घर सोडले त्या दिवशीची मराठी आपल्या मनात थिजून बसते. तिकडे बोली बदलतात, नवे लेखक येतात. इकडे आपण व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’पाशी थांबून तेच मराठीचे शेवटचे गाव समजतो. ते पुस्तक १९५५ साली नवेच होते, आणि कोणीतरी जुन्याचा मोह थोडा वेळ दूर ठेवला म्हणूनच ते वाचले गेले. तेवढे ऋण आपल्यावरही आहे.

आणि मुलांचे काय? हिंदी शाळेत शिकणाऱ्या, मराठी केवळ घरात ऐकणाऱ्या मुलापुढे आपण ‘श्यामची आई’ ठेवतो. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यावरील आचार्य अत्र्यांच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. हे सारे आपल्याला ठाऊक असते आणि मुलाने गहिवरावे अशी आपली अपेक्षा असते. ते गहिवरले नाही की आपण दुखावतो. वास्तविक आपण त्याच्यापुढे पुस्तकाबरोबर आपले बालपणही ठेवलेले असते, आणि ते त्याचे नसते. त्याला त्याच्या वयाने वाचू द्यावे. न आवडल्यास मिटू द्यावे. पुस्तक चांगले असेल तर वीस वर्षांनी ते पुन्हा त्याच्या हाती येईल.

आपल्या हाती एवढेच आहे, की ते घरात असू द्यावे, आणि त्याच्या शेजारी यंदाचेही एखादे पुस्तक असू द्यावे.