मीटरमधला धूर



दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्या डोळ्यातले मुसळ हा प्रभू येशूचा दाखला (मत्तय ७:१-५) आपण इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातला विनोद आता आपल्याला जाणवत नाही. सुताराच्या घरी वाढलेल्या माणसाला लाकडाचा कण डोळ्यात गेल्यावर काय होते ते पक्के ठाऊक असणार. ते ऐकताना लोक आधी हसले असतील आणि मग गप्प झाले असतील.

आज हा दाखला मी धुराला लावणार आहे.

आपल्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता एकमेकांना मिळतात. तिथल्या गर्दीत अडकून मिस्साला उशिरा पोहोचलेले भाविक मला सांगतात, "फादर, या मोटारवाल्यांनी पृथ्वीची वाट लावली." मोटारवाल्यांचे म्हणणे असते की खरा धूर रिक्षा आणि ट्रकचा. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक लिहून सृष्टीची काळजी हा श्रद्धेचाच विषय असल्याचे सांगितले, आणि ४ ऑक्टोबर २०२३ रोजी 'लाउदाते देउम'मधून तेच अधिक कळकळीने सांगितले. त्यामुळे हा प्रश्न आपल्यालाही टाळता येणार नाही. पण दोषी ठरवण्याआधी मोजले पाहिजे.

प्रथम एक घोळ दूर करू. चौकात दिसतो तो काळा धूर म्हणजे काजळी. ती आपल्या फुप्फुसांची वैरी आहे. पृथ्वीला तापवणारा मुख्य वायू कार्बन डायऑक्साइड हा मात्र ना दिसतो, ना त्याला वास येतो. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास भरते, पण ते जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे ऐकून मागे आपल्या युवकांनी मला वेड्यात काढले होते. पण पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, म्हणून वजन वाढते. (हल्ली पेट्रोलमध्ये उसाचे किंवा धान्याचे इथेनॉल मिसळतात, त्यामुळे आकडा थोडा खाली येईल. आपल्या हिशोबापुरते २.३ चालेल.)

आता घराकडे वळू. पंखा लावला, गीझर लावला, तर घरात धूर होत नाही. तो होतो दुसरीकडे. आपल्या शहराच्या अंगाला एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्र आहे. रेल्वेने कोळसा येतो, जळतो, त्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर जनित्र फिरते. कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम एक तृतीयांश भाग विजेच्या रूपाने हाती लागतो, बाकीची वाया जाते. आपल्या मीटरमधला प्रत्येक युनिट एकलहऱ्याचाच असतो असे नाही. साऱ्या देशाची वीज एका जाळ्यात मिसळते आणि त्यात पाणी, वारा, ऊन यांपासून झालेली वीजही असते. तरी दहापैकी सुमारे सात युनिट कोळशाचे असतात. सगळी सरासरी काढली तर एका युनिटामागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

आता महावितरणचे बिल हातात घ्या. समजा, घरात चार माणसे आहेत आणि महिन्याला १५० युनिट वीज लागते. त्याचे झाले १०५ किलो. महिन्याला गॅसचा एक सिलिंडर, त्यात १४.२ किलो गॅस. तो जळून सुमारे ४२ किलो. घराचे एकूण झाले १४७. याच कुटुंबाकडे मोटार असेल, महिन्याला हजार किलोमीटर चालत असेल आणि लिटरला पंधरा किलोमीटर देत असेल, तर पेट्रोल लागते ६७ लिटर, म्हणजे सुमारे १५४ किलो. एकटी मोटार अख्ख्या घराएवढी! दारात उभी असलेली गाडी म्हणजे दुसरा संसारच म्हणायचा. याउलट महिन्याला सहाशे किलोमीटर फिरणारी, लिटरला पन्नास देणारी स्कूटर २८ किलोंवर थांबते.

तेव्हा स्कूटरवाल्यांनो, तुम्ही जिंकलात? थांबा, मे महिना येऊ द्या. बेडरूममधला दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर सात-आठ युनिट सहज खातो. रोज आठ युनिट धरले तर महिन्याला २४०, म्हणजे १६८ किलो. मोटार न घेतल्याचा अभिमान बाळगणाऱ्या घरात, भिंतीवर टांगलेली एक मोटार रोज रात्री धावत असते. देशाचा हिशोब मांडला तरी हेच दिसते. भारतात वीजनिर्मितीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड रस्त्यावरच्या सगळ्या वाहनांच्या काही पट आहे. तो आपल्याला खुपत नाही, कारण तो आपल्या डोळ्यांसमोर निघत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास यांचा अज्ञानाविषयीचा विचार आम्हाला बराच घोटावा लागला होता. ते भेद करतात. जे कळणे माणसाला शक्यच नव्हते, त्याचा दोष त्याच्यावर येत नाही. पण जे जाणून घेणे शक्य होते आणि जाणून घ्यायला हवे होते, ते न जाणणे हाच दोष ठरतो. पन्नास वर्षांपूर्वी आपल्या आजोबांना हे गणित कोणी सांगितले नव्हते. आपल्याला ते बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने करता येते. कुमसारला येताना आपण शब्दांचा, रागाचा, पैशांचा झाडा घेतो. या गोष्टीचा का घेऊ नये?

मात्र सर्वांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. ज्या घरात एक पंखा आणि दोन दिवे आहेत आणि महिन्याला चाळीस-पन्नास युनिट जळतात, त्या माउलीने हा लेख वाचून दिवा मालवू नये. तिने मुलाला उजेडात अभ्यास करू द्यावा. आजाऱ्याच्या खोलीतला एसी ही चैन नव्हे. मोटारीला शिव्या देण्याचा अधिकारही मला नाही. मायको, महिंद्रा आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे सातपूर-अंबडचे कारखाने यांवर आपल्यातल्या कित्येक घरांची चूल पेटते, तशी एकलहऱ्याच्या नोकरीवरही पेटते. मुळात एक भारतीय माणूस वर्षाला सरासरी २ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि अमेरिकन माणूस सुमारे १४ टन. पण ही सरासरी फसवी आहे. तिच्या पदराआड तो पन्नास युनिटवाला माणूसही उभा राहतो आणि तीन एसीवालाही. आपण स्वतः कुठे उभे आहोत ते ज्याचे त्याने पाहावे.

याची किंमत भरणारे अनेकदा तिसरेच असतात. आपल्यापैकी अनेकांचे नातलग अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावांत कोरडवाहू जमिनीवर जगतात. हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला गेलो की पहिली चौकशी पावसाची होते. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस निफाड भागात गारपीट झाली आणि तयार होत आलेल्या द्राक्षबागा झोपल्या. ती गारपीट अमक्याच्या एसीमुळे झाली असे कोणी म्हणू नये, कारण एका वादळाचे खापर असे एकाच्या माथी फोडता येत नाही. पण हवा जसजशी तापते तशी ती अधिक बाष्प धरते, पाऊस मुसळधार होतो आणि मधले खंड लांबतात, हे शास्त्रज्ञ सांगत आले आहेत. काइनाने भावाविषयी देवाला उलटा प्रश्न केला होता. तोच प्रश्न आपण पाऊस हरवलेल्या भावाविषयी करू शकत नाही.

मग करायचे काय? विजेवरची मोटार हे उत्तर आहे का, असे मला दोघा-तिघांनी विचारले. अर्धे उत्तर आहे. हजार किलोमीटरला तिला सुमारे १५० युनिट लागतात, म्हणजे १०५ किलो. पेट्रोलच्या १५४ पेक्षा नक्कीच कमी, आणि द्वारकेची हवाही स्वच्छ. पण उरलेला धूर एकलहऱ्याला गेला एवढेच. तीच गाडी छपरावरच्या सौर विजेवर चालली तर गोष्ट वेगळी. एक किलोवॉटचे सौर पॅनल महिन्याला साधारण १२० युनिट देते, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती पॅनलसाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. स्वतंत्र घर असणाऱ्यांनी चौकशी करावी. फ्लॅटवाल्यांना सोसायटीच्या सभेत भांडावे लागेल. भांडा, पण प्रेमाने.

नाशिकच्या थंडीत गीझर सुटत नाही. बादलीभर पाणी तापवायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज जाते. चार माणसांचे महिन्याचे ७० युनिट, म्हणजे जवळजवळ ५० किलो. हेच पाणी सौर बंबात जवळजवळ फुकट तापते. गॅसवर तापवले तरी निम्म्याहून कमी वायू निघतो. मात्र गॅस गीझर बंद न्हाणीघरात कधीही लावू नका. त्याच्या विषारी वायूने माणसे दगावली आहेत.

रविवारच्या मिस्साचेही गणित मी केले. पाथर्डी फाट्याकडून येऊन-जाऊन बारा किलोमीटर धरले तर एकट्याने मोटार आणली की १.८ किलो. त्याच गाडीत चौघे आले तर प्रत्येकी अर्धा किलोहून कमी, म्हणजे स्कूटरवर एकट्याने येण्यापेक्षाही कमी. शेजारच्या आजींना गाडीत घेतले तर प्रेमाची आज्ञा आणि पेट्रोलची बचत दोन्ही साधतील. आणि २०२१ पासून शहरात सिटीलिंकच्या बस आहेतच. भरलेल्या बसमध्ये माणशी हिशोब एकट्याच्या मोटारीच्या एक अष्टमांशही होत नाही.

आपल्या धर्मग्राम परिषदेपुढे सध्या दोन सूचना आहेत: सभागृहाला एसी बसवणे आणि छपरावर सौर पॅनल बसवणे. पैसे एकाच कामाचे आहेत. माझे मत कोणत्या बाजूला आहे ते एव्हाना तुम्ही ओळखले असेल, पण निर्णय परिषदेचा आहे. उन्हाळ्यात सभागृहात बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभा आहे. येताना प्रत्येकाने मे महिन्याचे आणि डिसेंबरचे वीजबिल आणावे. चर्चची दोन्ही बिले मी आणतो.

ख्रिस्तामध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू