पट कमी झाला तो कुणामुळे?

शाळा कुणाची असते? सरकारची, गावाची, की आज तिच्यात बसलेल्या मुलांची? आम्ही उर्दू शाळांतले शिक्षक हा प्रश्न बी.एड.च्या पेपरात सोडवून मोकळे झालो होतो. आता तो आमच्या हजेरीपटावर येऊन बसला आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा १५ हजारांच्या घरात होत्या. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ ही उदाहरणे समोर ठेवली गेली. वाड्यावस्त्यांवरची मुले वाहनाने एका मोठ्या, सुसज्ज शाळेत आणायची, अशी ही कल्पना.

ती वाईटच आहे, असे आम्ही म्हणणार नाही. एका खोलीत चार इयत्ता शिकवण्याचे दुःख आम्ही भोगले आहे. पहिलीला अलिफ-बे गिरवायला द्यावे, तोवर चौथीचा भागाकार अडतो. ११ मुलांत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. मोठ्या शाळेत ग्रंथालय आणि सोबती मिळत असतील, तर आमच्याच मुलांनी त्यांना का मुकावे?

पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत असावी, असे म्हटले आहे. हे अंतर सहा वर्षांच्या मुलाच्या पायांनी मोजलेले आहे. कोकणात पावसाळ्यात वहाळ भरला की तेवढेही अंतर जड जाते. आमच्या एका विद्यार्थिनीच्या आईने विचारले, “सर, गाडी आली नाही तर हिला कोण आणील?” आमच्याकडे उत्तर नव्हते.

उर्दू शाळेचे आणखी एक दुखणे आहे. जवळची दुसरी शाळा बहुधा मराठी माध्यमाची असते. मराठीशी आमचे वैर नाही, हा लेखही आम्ही मराठीतच लिहितो आहोत. पण तिसरीतल्या मुलाचे माध्यम मध्येच बदलले की ते वर्गात गप्प होते. मुलगी असेल तर पुढे तिची शाळाच सुटते.

आता आमचा कबुलीजबाब. पट कमी का झाला? काही कुटुंबे मुंबईला गेली, काही आखातात. घरोघरी मुलेही कमी झाली. आणि ज्यांना परवडले त्यांनी मुले इंग्रजी माध्यमाच्या बसमध्ये बसवली. त्या बसमध्ये आमचीही मुले आहेत. जी शाळा आम्ही स्वतःच्या लेकरांसाठी पसंत केली नाही, तिथे आम्ही शेजाऱ्यांची लेकरे शिकवतो. मागे उरली ती फी न परवडणाऱ्या मजुरांची मुले. शाळा बंद झाली तर सोडून गेलेल्यांचे काही जात नाही. किंमत मोजतील ते टिकून राहिलेले.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की नवी शाळा अवश्य बांधा. पण आधी बांधा, तिथे उर्दूचा शिक्षक नेमा, एक पूर्ण पावसाळा गाडी चालवून दाखवा, मग पालकांना विचारा. कुलूप सगळ्यांत शेवटी. शाळा ही मागच्या पिढीने आपल्या हाती दिलेली अमानत आहे. ती बदलता येते, पण जिच्यासाठी ठेवली त्या मुलाला न विचारता मोडता येत नाही.

येत्या जूनमध्ये आमच्यापैकी दोघांनी आपली मुले आपल्याच शाळेत घालायचे ठरवले आहे. घरी अजून वाद चालू आहेत.